गर्भाचं हृदय बनताना ट्रोपोनिन टी नेमकं काय करतं?

प्रश्न: हार्ट अटॅकच्या ब्लड टेस्टमुळे ट्रोपोनिन माहीत होतं, पण हे प्रोटीन गर्भात अगदी सुरुवातीपासून लागतं असं वाचलं. हृदय पूर्ण बनलंच नाही तर त्याचं काम काय?

उत्तर १: अहो हृदय पूर्ण बनायच्या आधीच धडधडायला लागतं, माणसात साधारण २२व्या दिवशी, तेव्हा ती नुसती एक नळी असते. ट्रोपोनिन हा तीन प्रोटीनचा गट, ट्रोपोनिन टी त्यातलंच एक; ते या गटाला स्नायूपेशीतल्या पातळ तंतूवर धरून ठेवतं, मग कॅल्शियम आलं की स्नायू आकुंचन पावतो.

उत्तर २: झेब्राफिश या छोट्या माशामधे हे फार सुंदर दिसतं. गर्भ काचेसारखा पारदर्शक, मायक्रोस्कोपखाली हृदय सरळ दिसतं, आणि ज्यांच्यात ट्रोपोनिन टी बनवणारा जीन बिघडलेला असतो त्यांचं हृदय तयार होतं पण एकदाही ठोका पडत नाही! तरी गर्भ काही दिवस जगतो कारण ऑक्सिजन पाण्यातूनच आत झिरपतो. तोच जीन बिघडला तर उंदराचा गर्भ मात्र लवकर मरतो.

प्रश्नकर्ता: मग ठोका नसला तर बाकी हृदय नीट घडतं का?

उत्तर २: नाही ना, झडपा नीट बनत नाहीत, वाहत्या रक्ताचा धक्का आतल्या पेशींना लागतो तेव्हाच त्या झडपा घडवायला लागतात.