"फॉगर लावा नाहीतर जनावरं विका" म्हणे!

कडबाकुट्टी
कालच्या धाग्यात एका महाशयांनी निकाल देऊन टाकला: ज्याला फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी फवारणारं यंत्र) आणि मोठे पंखे परवडत नाहीत त्याने उन्हाळ्यात दूध घटलं म्हणून रडू नये, सरळ जनावरं विकावीत. चार गायींचा धनी आहे मी. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून लिहितो.

फॉगर मीही लावला होता. कोंदट हवेचे दिवस, तीन बाजूंनी बंद गोठा. बारीक धुकं हवेतच तरंगायचं, गायीचं अंग कोरडंच. हवा आधीच दमट, त्यात आणखी ओल. मग घाम सुकणार कुठे? एका दुपारी बरगड्यांकडे बघून श्वास मोजले तर मिनिटाला नव्वदीच्या घरात. तोंडाला फेस, मान लांब केलेली. साठच्या वर गेले की गाय त्रासात आहे समजायचं. त्याच दिवशी फॉगर उतरवला आणि मागची भिंत फोडली.

आता जाड थेंबांचं पाणी मिनिटभर पाठीवर सोडतो, मग दहा मिनिटं नुसता पंखा. कातडी भिजवायची, हवा नाही. पाणी कासेवर ओघळू द्यायचं नाही, नाहीतर दगडी (कासेचा दाह) ठरलेली. दाव्याला बांधून दोन वेळा बादली दाखवणं बंद केलं. मोठी दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला 100 लिटरच्या वर पाणी पिऊ शकते. आणि निम्म्याहून जास्त वैरण रात्री व पहाटे. खाल्ल्यावर काही तासांनी पोटातली भट्टी पेटते, ती भर दुपारी कशाला पेटवायची?

गव्हाण
ते महाशय मीच. वाक्य अर्धं उचललंत, पण असो. बंद गोठ्यात फॉगर लावलात ही चूक तुमची, फॉगरची नाही. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. आणि 25-30 लिटरच्या गायीला सावली आणि रात्रीची वैरण पुरते असं कुणाला सांगताय? जितकं दूध जास्त तितकी अंगातली उष्णता जास्त. तापमान-आर्द्रता निर्देशांक 72 ला धोका सुरू होतो असं जुनं गणित. जास्त दुधाच्या गायींना आता 68 धरतात. तुमच्या चार गायी सहा-आठ लिटरवर असतील, म्हणून निभतंय.

वशिंडवाली
मूळ रोग कुणी बोलतच नाही. थंड मुलखातली गाय आणून उन्हात बांधायची आणि मग पंख्याचं बिल भरत बसायचं! वशिंडाच्या देशी गायीला घामाच्या ग्रंथी जास्त, कातडी सैल, अंगातली उष्णता मुळात कमी. माझ्या दावणीला आता दोनच आहेत. दूध कमी, पण उन्हाळ्यात माज मुका, म्हणजे लक्षणं न दाखवता, जात नाही. संकरित होती ती तीनदा उलटली होती, भरवूनही गाभण राहिली नव्हती.

गव्हाण
आलं, देशीचं पुराण आलं! ताई, दोन जनावरांवरून सिद्धान्त मांडू नका.

रवंथ
आणि म्हैस? तीही उष्ण मुलखातलीच. काळी कातडी, केस विरळ, घामाच्या ग्रंथी कमी. डुंबायला पाणी नाही मिळालं तर गायीच्या आधी तीच धापा टाकते.

वशिंडवाली
मी गायींबद्दल बोलतेय. म्हैस मध्ये कशाला घुसडता?

रवंथ
कारण उन्हाळ्यात माझी म्हैस दुपारभर हौदात बसते, आणि तुमच्यासारख्यांनी "तिला सोसतं" सांगून माझा एक उन्हाळा वाया घालवला.

गव्हाण
जातीवरच बोलायचं तर ब्राझीलची गिरोलांडो बघा, गीर आणि होल्स्टीनचा संकर. कॅरिबियन बेटावरच्या सेनेपोल गायींतला आखूड, तुळतुळीत केसांचा जनुक होल्स्टीनमध्ये आणलाय, त्या गायी उन्हात कमी तापतात. संकर म्हणजे पाप नव्हे.

वशिंडवाली
म्हणजे ऊन सोसायला गीर लागलीच की! धन्यवाद.

कडबाकुट्टी
अहो, विषय गोठ्याचा होता! गाय बदलायची तर पाच-सहा वर्षं जातात. मला येत्या उन्हाळ्याचं बोलायचंय.

जुनीदावण
भांडण संपलं असेल तर एक सांगू? आटवलेल्या गाभण गायीचं कुणी नावच घेतलं नाही. मी तिला "दूध देत नाही, तिला काय धाड भरलीय" म्हणत पत्र्याच्या टोकाला, पश्चिमेच्या उन्हात बांधायचो. व्यायली तेव्हा वासरू हडकुळं, आणि दूध आदल्या वेताच्या मानाने बरंच कमी. औषधं झाली, मंत्रही झाले. नंतर कळलं, शेवटच्या दोन महिन्यांत कासेत दुधाच्या पेशी नव्याने वाढतात आणि उष्णतेने ती वाढच खुंटते. पुढचं अख्खं वेत हातचं जातं. आता गोठ्यातली सगळ्यात गार जागा तिची.

गव्हाण
हे मात्र मला माहीत नव्हतं. माझ्या आटलेल्या दोघी बाहेरच असतात.

कडबाकुट्टी
बघा! महागडे पंखे आत, गाभणी बाहेर.

गव्हाण
टोमणा पोचला. पण मग उन्हाळ्यात दुधाची फॅट का पडते तेही लिहायचं होतंत. धापा टाकून गाय कार्बन डायऑक्साइड उडवते, तोल सांभाळायला शरीर लघवीतून बायकार्बोनेट फेकतं, लाळेत ते कमी पडतं आणि पोट आंबतं. तेव्हा खुराक (पेंड-धान्य) वाढवणारे बरोबर उलटं करतात. धाट-कडबा तोडू नका, खुराकात खाण्याचा सोडा द्या. आणि आजच्या उन्हाचं दूध आज नाही, एक-दोन दिवसांनी घटतं, त्यामुळे लोक भलत्याच दिवसाला दोष देतात.

कडबाकुट्टी
सोड्याचं पटलं. नाइलाजाने.

गव्हाण
मीही एका रांगेत फॉगर काढून जाड थेंबांचे नोझल बसवून बघतो. तुमच्या सांगण्यावरून नाही. तसेही ते तुंबलेच होते.