निफाड तालुका : सातबाऱ्यावर क्षेत्र कमी आणि वडिलांचं नावच नाही, आधी कुठं जाऊ?

द्राक्षबाग_निफाड :
नमस्कार मंडळी. आमची निफाड तालुक्यात वडिलोपार्जित जमीन आहे, एकच गट. जुन्या हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर १ हेक्टर २१ आर आहे आणि ऑनलाइन काढला तर १ हेक्टर १२ आर दिसतं. दुसरं म्हणजे आजोबा गेल्यावर फक्त मोठ्या काकांचं नाव लागलं, पुढे ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) असं लिहिलंय, वडील आणि दोन आत्या कुठंच नाहीत. काकांशी वाद नाही, ते स्वतःच म्हणतात करून घ्या. शेजारच्याशी बांधावरून थोडी कुरबुर आहे म्हणून वडील म्हणतात आधी मोजणी आणू. नाशिकला सीबीएसजवळ एक वकील सांगितलेत कोणी, पण आधी तुमच्याकडून सल्ला हवा. वकील लागेल का, आणि सुरुवात कशापासून करू?

गोदाकाठ :
मोजणी सगळ्यात शेवटी. वडिलांचं नावच उताऱ्यावर नाही तर अर्ज काकांच्या नावाने करावा लागेल, आणि क्षेत्रच चुकीचं असेल तर मोजणीवाले कशाशी जुळवणार? आधी कागद.

बांधावरून :
दादा, सविस्तर लिहितो कारण आमच्याकडं हेच सगळं झालंय आणि लोक उगाच उलट्या क्रमाने पळतात.

क्षेत्राचं आधी. नवीन उताऱ्यात लागवडयोग्य आणि पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वेगळे दाखवतात, तुम्ही बघितलेला आकडा फक्त लागवडयोग्य तर नाही ना ते पहिलं बघा, दोन्हीची बेरीज १ हेक्टर २१ आर होत असेल तर चूक नाहीच. बेरीज होत नसेल तर भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात, म्हणजे उपअधीक्षकांकडं, त्या गटाच्या आकारबंदाची नक्कल मागा. मूळ क्षेत्र आकारबंदात असतं, सातबाऱ्याचं क्षेत्र त्याच्याशी जुळलं पाहिजे. आकारबंदात १ हेक्टर २१ आर निघालं तर टायपिंगची चूक, मग तहसीलदारांकडं जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज, सोबत जुना सातबारा आणि आकारबंद जोडा. पण आकारबंदातच १ हेक्टर १२ आर असेल तर विषय वेगळा, मग मधल्या काळात ९ आर कुठं गेले ते शोधा. आपल्या भागात पालखेड कालवा, चाऱ्या, रस्ते यात जमिनी गेल्यात, त्याचं कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाचा कागद) झालेलं असतं आणि आपल्याला घरी कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून आजोबांच्या नावापासून आजपर्यंतचे सगळे फेरफार (उताऱ्यातल्या बदलांच्या नोंदी) काढा, प्रत्येक उताऱ्यावर फेरफार नंबर असतात त्यावरून मागे मागे जा. जुने अभिलेख स्कॅन झालेत, ऑनलाइन नाही सापडलं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या.

वारसाचं काम याला थांबवू नका, ते वेगळं चालू राहू दे. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन पण करता येतो. नोंद धरल्यावर नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. तुमच्या केसमध्ये ए.कु.मॅ. शेरा कमी करून सगळ्यांची नावं लावायची असं अर्जात स्पष्ट लिहा, नुसतं नाव लावा म्हणू नका.

सिन्नरची_ताई :
दोन्ही आत्यांची नावं गाळू नका ही कळकळीची विनंती. "त्यांना काय हवंय" असं म्हणून लोक प्रतिज्ञापत्रातच नाव सोडतात. मुलींचा हक्क कायद्याने आहेच. त्यांना खरंच नको असेल तर आधी नाव लागू द्या आणि मग हक्कसोड पत्र रजिस्टर करा, साध्या स्टॅम्पपेपरवर सही घेतलेली चालत नाही. आमच्याकडं एका मावशीचं नाव असंच वगळलं होतं, पुढं तिच्या मुलांनी हरकत घेतली आणि सोसायटीचं कर्ज अडकलं.

द्राक्षबाग_निफाड :
खूप आभार. आत्यांचं नाव लागणारच, वडिलांचं तेच म्हणणं आहे. वकिलाचं काय? आणि मोजणीला खाजगी माणूस चालेल का, टोटल स्टेशनवाला (मोजणीचं यंत्र असलेला) एक ओळखीचा आहे.

बांधावरून :
वाद नसेल तर वकील लागत नाही. कोणी हरकत घेतली, नोंद विरोधात गेली आणि प्रांतांकडं (उपविभागीय अधिकारी) अपील करायची वेळ आली तर बघा, तेव्हा मात्र महसूलची कामं रोज करणारा वकील धरा. ओळखीच्या माणसाकडून स्वतःच्या अंदाजासाठी मोजून घ्या हरकत नाही, पण शेजारी ते मानणार नाही. बांधासाठी भूमी अभिलेखकडं हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, मोजणीची शेजाऱ्यांना नोटीस जाते, खुणा दाखवतात आणि नंतर मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते, ती जपून ठेवा.

गोदाकाठ :
आणि कोणी एजंट "उद्या करून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका. १५ दिवसांची नोटीस कोणालाच टाळता येत नाही. अर्जाची पोच शिक्का मारून घ्या प्रत्येक वेळी.

द्राक्षबाग_निफाड :
ठीक. सोमवारी आकारबंदाच्या नकलेचा अर्ज देतो आणि वारसाचे कागद काकांना घेऊन तलाठ्याकडं जातो. आकारबंदात काय निघतं ते इथंच टाकतो.