आजीची ‘भीड’ आणि लूकचा ‘आग्रह’

सांजवात
आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांसाठी प्रार्थनेवरचं एक इंग्रजी पत्रक मराठीत करतेय. विषय सोपा: जे हवं ते देवाकडे सरळ मागा, आडपडदा नको. त्यात बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायातला दाखला येतो. मध्यरात्री एक जण घरी आलेल्या पाहुण्यासाठी मित्राचं दार ठोठावून तीन भाकरी मागतो. आतला म्हणतो, दार लावलंय, पोरं निजलीत. तरी शेवटी उठतो. का, तर आपल्या मराठी बायबलात ‘त्याच्या आग्रहामुळे’. मूळ ग्रीक शब्द मात्र ‘अनाइदेइआ’, म्हणजे लाज नसणं. आग्रह तर आपण जिलबी वाढताना करतो!

मी लिहिलं, ‘भीड न ठेवता’. तपासणाऱ्या काकांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणे भीड माणसांची असते, देवाची नाही. माझी नगरकडची आजी रोज रात्री पिठाच्या डब्याशी बसून म्हणायची, “देवा, तुझी कसली भीड? पीठ उद्यापुरतं आहे. पोराची मनिऑर्डर आली नाही. बघ बाबा.” मग आजी चुकीचं बोलत होती का?

खडूस
सरळ ‘निलाजरेपणा’ लिहा. मूळात लाज नाही म्हटलंय, तर आपण कोण तिला पदर घेणारे?

करवंद
निलाजरा ही शिवी झाली हो. आणि लोचट, चिवट, कोडगा यांतही फरक आहे. लोचट गोड बोलून मागतो, चिवट पुन्हा पुन्हा येतो, कोडगा शिव्या खाऊनही दारात उभा राहतो. दाखल्यातला गडी कोडगाच. पण ‘कोडगेपणाने प्रार्थना करा’ असं छापलंत तर पाळकसाहेब पुढचं पत्रक तुमच्याकडे देणार नाहीत.

तळटीप
जरा थांबा. ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या? ग्रीकमध्येही ते सर्वनाम दोन्हीकडे लागतं. काही अभ्यासक म्हणतात, प्रश्न आतल्याच्या अब्रूचा आहे. पाहुणा उपाशी राहिला तर सकाळी गावभर नाचक्की. मराठीत ही संदिग्धता आयती मिळते, ती घालवू नका.

सांजवात
काका आता ‘धैर्याने’ सुचवताहेत.

तळटीप
ते इब्री लोकांस पत्रातलं, ४:१६. कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाऊ. तिथला शब्द ‘पार्रेसिया’, मनातलं सगळं बोलून टाकणं. दोन्हींची खिचडी नको.

शुद्धमती
आधी ‘प्रार्थना विनंती’ हे इंग्रजी ‘प्रेयर रिक्वेस्ट’चं पिल्लू हद्दपार करा. प्रार्थना म्हणजेच विनंती. विनंतीची विनंती कशी करतात?

खडूस
आमच्या व्हॉट्सअॅप गटावर रोज येते. “प्रार्थना विनंती: सासूबाईंचा गुडघा, उद्या ऑपरेशन.” सगळ्यांना कळतं. कळलं की झाली मराठी.

शुद्धमती
कळतं तर ‘आपलं’ हे ‘आपल’ असंही कळतं!

मालवणी खाजा
आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. तो शब्द का नको? त्यात मागणं आहे, रागही आहे.

करवंद
चालेल की. बायबलातलं १३वं स्तोत्र काढा. मूळ हिब्रूत सुरुवातीलाच चारदा ‘कोठवर’ येतं. दावीदाच्या नावावरचं गाऱ्हाणंच ते.

शुद्धमती
गाऱ्हाण्याला पुजारी लागतो, गाव लागतं. एकटीने पिठाच्या डब्याशी बसून केलेलं ते गाऱ्हाणं नव्हे.

खडूस
भीड ‘भी’ धातूपासून आली असणार. भय आणि भीड सख्ख्या बहिणी.

मालवणी खाजा
छे! हिंदीत भीड़ म्हणजे गर्दी. गर्दीत माणूस अंग चोरतो, तीच आपली भीड.

करवंद
तुम्ही दोघंही ओढूनताणून व्युत्पत्ती लावताय. बहीणच हवी तर म्हणीत आहे: भीड भिकेची बहीण. आजींचं काय चुकलं? भीड धरली असती तर दुसऱ्या दिवशी भीक मागावी लागली असती.

सांजवात
सगळ्यांचे आभार. पत्रक आज छापून आलं. काकांनी परस्पर ‘नम्रतेने’ केलंय.

खडूस
😂

शुद्धमती
बरं, ‘भिडस्त’मधला ‘स्त’ कुठून आला?