दवाखान्यातली चूक : मारहाण नको, लपवाछपवी पण नको, मग करायचं काय?

वाघूरकाठ

मंडळी, विषय जड आहे पण बोलायलाच पाहिजे. आपल्याकडे दवाखान्यात काही चुकलं की दोनच गोष्टी होतात, एकतर नातेवाईक काचा फोडतात नाहीतर दवाखाना केसपेपर दाबून बसतो, आणि दोन्हीत पुढच्या पेशंटचा काडीचा फायदा होत नाही.

आमच्या नात्यातले एक जण तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात ॲडमिट होते. जनरल वॉर्डात त्या दिवशी दोन एस. पाटील. जळगाव जिल्ह्यात वॉर्डात ‘पाटील’ म्हणून हाक मारली तर अर्धा वॉर्ड उठून बसतो हे वेगळं सांगायला नको. एकाचं अँटिबायोटिक घेऊन सिस्टर दुसऱ्याच्या सलाईनपाशी आल्या, वहिनी नशिबाने तिथेच बसलेल्या, त्या म्हणाल्या अहो ताई यांना याची रिॲक्शन येते, फायलीवर लाल पेनने लिहिलंय ना, तेव्हा कुठे थांबलं. मग आरडाओरडा, संध्याकाळपर्यंत सिस्टरला कामावरून काढलं आणि सगळे गप्प झाले. पण बेडवर नंबर नाही, पेशंटच्या मनगटाला पट्टी नाही, फायली एकावर एक तशाच पडलेल्या. उद्या नवीन सिस्टर येईल आणि नवीन दोन पाटील पण येतील!

ही फक्त आपल्याकडची रड नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात दर १० पेशंटमागे साधारण एकाला उपचार घेता घेताच इजा होते, वर्षाला ३० लाखांवर माणसं असुरक्षित उपचारांमुळे जातात, आणि यातली निम्म्याहून जास्त इजा टाळता येण्यासारखी असते. अमेरिकेत १९९९ ला यावर मोठा रिपोर्ट आला, तिथल्या हॉस्पिटलांत चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू होतात असा अंदाज होता. त्यांनी निष्कर्ष असा काढला की बहुतेक चुका निष्काळजी माणसांमुळे नाही, ढिसाळ पद्धतीमुळे होतात.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक दवाखान्यात चुकांचं रजिस्टर असावं. जे थोडक्यात निभावलं तेसुद्धा त्यात लिहायचं, लिहिणाऱ्याला शिक्षा नाही, आणि दर महिन्याला सगळ्यांनी बसून ते वाचायचं.

केळीबाग_रावेर

दादा, तुमचा पेशंट वाचला म्हणून तुम्हाला ‘शिक्षा नको’ सुचतंय. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला विचारा. आम्ही माझ्या काकांचे कागद मागितले तर आज या उद्या या, साहेब नाहीत, झेरॉक्स बंद आहे. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असा मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे पण हे आम्हाला तिथे कोणीच सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं. डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात हे सुप्रीम कोर्टाने १९९५ लाच सांगितलंय, म्हणून थोडा तरी धाक आहे. तो पण काढून घेतला तर गरिबाच्या हातात राहतं काय? आणि रजिस्टर ठेवणार कोण, ज्याने चूक केली तोच ना भो!

धुळ्याची_सिस्टर

मी स्टाफ नर्स आहे, वॉर्डातलं सांगते. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर, त्यात दोन सिरीयस, एक नवीन ॲडमिशन, आणि नातेवाईक दर पाच मिनिटांनी ‘सिस्टर सलाईन संपली’. इंजेक्शनच्या ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराईडची ॲम्प्युल आणि साध्या पाण्याची ॲम्प्युल शेजारी शेजारी. दोन्ही पारदर्शक, अक्षरं बारीक, आणि वॉर्डात ट्यूबलाईट एकच चालू. पोटॅशियम डायल्यूट न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. म्हणून ते वॉर्डाच्या ट्रेमध्ये ठेवायचंच नाही, वेगळं कुलपात ठेवायचं, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ लाच सांगून ठेवलंय. त्याच यादीत पेशंटची ओळख दोन खुणांनी पटवा, ड्युटी बदलताना नीट तोंडी सांगा, हात धुवा हे पण आहे. यात महागडं काय आहे सांगा. पण आमच्याकडे ट्रे कसा लावायचा हे कोणी सिस्टरला विचारत नाही, चुकलं की मात्र पहिला मेमो तिलाच.

रजिस्टरला माझा पाठिंबा आहे, पण एका अटीवर. ते रात्री ज्याने बघितलं त्याने रात्रीच लिहायचं. सकाळी राऊंडच्या आधी एकाच पेनने पाच पानं भरणारं रजिस्टर असेल तर त्यापेक्षा नसलेलं बरं.

डॉक्टर_शहादा

वाघूरकाठ, तुमची तळमळ कळते पण मी या मताचा नाही. दोन कारणं.

पहिलं म्हणजे असलं रजिस्टर उद्या थेट वकिलाच्या टेबलावर जाणार. साध्या चुकीसाठी डॉक्टरवर फौजदारी नको, त्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो असं सुप्रीम कोर्टाने २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं, दवाखान्यातल्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, पण दारात ट्रॅक्टर भरून माणसं उतरली की ते कोण वाचतं? स्वतःच्या हाताने ‘आमचं चुकलं’ लिहून ठेवा म्हणणं सोपं आहे.

दुसरं, नुसत्या याद्यांनी पेशंट वाचत नाहीत. उत्तर प्रदेशात १२० सरकारी केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाची चेकलिस्ट लावून मोठा अभ्यास झाला, निकाल २०१७ ला आले. काम करायची पद्धत बरीच सुधारली पण माता आणि बाळांच्या मृत्यूत फरक दिसला नाही. माझ्याकडे धडगावच्या वरच्या पाड्यांवरून बाया येतात, पावसाळ्यात रस्त्यापर्यंत बांबूच्या झोळीतून आणतात, गाडी मिळेपर्यंत सगळं हाताबाहेर गेलेलं असतं. तिथे आधी रस्ता, रक्त आणि भूलतज्ज्ञ द्या. मनगटाच्या पट्ट्या नंतर बघू.

वाघूरकाठ

डॉक्टर, रस्ता पाहिजेच, त्यावर वादच नाही. पण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१८ मध्ये गरीब आणि मध्यम देशांचा हिशोब मांडला होता. दवाखान्यात न पोचल्यामुळे वर्षाला ३६ लाख मृत्यू, आणि पोचूनही उपचार धड न मिळाल्यामुळे ५० लाख! म्हणजे झोळीतून उतरवल्यानंतरचा धोका जास्त मोठा आहे. ‘आधी पोच मग दर्जा’ हा क्रम मला पटत नाही तो यामुळे.

आणि चेकलिस्टचं म्हणाल तर ऑपरेशनची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट जगातल्या आठ शहरांत वापरून बघितली, त्यात दिल्ली पण होती, मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले. २००९ ला छापून आलंय.

डॉक्टर_शहादा

आणि कॅनडात ऑंटारियो प्रांताने तीच चेकलिस्ट सक्तीची केली तेव्हा काहीच खास फरक पडला नाही, हे २०१४ ला छापून आलंय. वरून हुकूम आला की लोक टिकमार्क करून मोकळे होतात, हेच तर मी म्हणतोय.

मोलगीचा_पोऱ्या

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. आमच्याकडची म्हातारी दवाखान्यात जाते, तिला पावरी बोलीच येते. डॉक्टर मराठीत विचारतात, ती सगळ्याला मान डोलवते. गोळी आधी घेतली का? मान डोलवते. ॲलर्जी आहे का? तरी मान डोलवते. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, आणि वॉर्डात निम्म्या लोकांची तीच, त्यात आडनावं पाडवी, वसावे, वळवी. दोन खुणांनी ओळख पटवा म्हणता ना सिस्टरताई, नाव आणि जन्मतारीख आमच्याकडे चालणारच नाही. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि पाडा असं लिहा. पाड्यावरून कोणी चुकत नाही. आणि आशाताईंना वॉर्डात बसू द्या, त्या दोन्हीकडचं बोलतात.

पारोळेकर_सध्या_इंग्लंड

इकडे मार्था नावाची १३ वर्षांची मुलगी २०२१ ला हॉस्पिटलात वारली. आईवडील सांगत होते तब्येत बिघडतेय, कोणी मनावर घेतलं नाही. त्यांनी लढून २०२४ पासून ‘मार्थाज रूल’ सुरू करून घेतला, आता बऱ्याच सरकारी हॉस्पिटलांत घरचे लोक थेट नंबर लावून दुसऱ्या टीमला बोलावू शकतात. आपल्याकडे तर पेशंटपाशी कोणीतरी चोवीस तास असतंच. त्या वहिनींनी केलं तेच काम त्यांना अधिकाराने करू द्या ना.

डॉक्टर_शहादा

इंग्लंडात पेशंटजवळ दोन माणसं असतात, इथे चाळीस. कोणाचं ऐकायचं?

धुळ्याची_सिस्टर

डॉक्टरसाहेब, चाळीसातली एकच बाई रात्रभर पेशंटचे पाय दाबत जागी असते. ती ‘सिस्टर, यांचा श्वास वेगळा वाटतोय’ म्हणाली की मी उठून बघते, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं. ॲडमिशनलाच एका माणसाचं नाव फायलीवर लिहून घ्या, त्याचंच ऐकायचं.

केळीबाग_रावेर

सिस्टरताई तुमचं पटलं, डॉक्टरांचं नाही. पण रजिस्टरबद्दल माझं मत तेच आहे. लिहिणाऱ्या सिस्टरला शिक्षा नको, हे एक वेळ मान्य करतो. पण ज्याच्या पेशंटबाबत चूक झाली त्याच्या घरच्यांना त्याच दिवशी तोंडावर सांगायचं आणि त्या पानाची प्रत द्यायची. तेवढं करायची तयारी नसेल तर मी कोर्टातच जाणार, आणि दुसऱ्यांनाही तेच सांगणार. आमच्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत आमचे एक सदस्य आहेत, पुढच्या मीटिंगला हा विषय घ्यायला सांगतो. वाघूरकाठ, तुम्ही एका पानात मसुदा लिहून द्या, त्यात प्रत द्यायची अट पहिली टाका.