शिकानेडरचं 'घरातला खून' आणि त्या काळचे चेक चित्रकार

रेघोट्या:
याकुब शिकानेडरचं 'घरातला खून' (१८९०) परवा पहिल्यांदा नीट, मोठ्या आकारात पाहिलं. अंगणातल्या फरशीवर तरुण बाई मरून पडलीय आणि शेजारपाजारचे लोक घोळका करून उभे. दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. मारलं कोणी, का, काहीच कळत नाही. यामागे एखादी दंतकथा आहे का? त्या काळच्या चेक चित्रांत मृत्यू आणि पुराणकथा खूप दिसतात, असं ऐकलंय. सुरुवात कुठून करू?

जुना कॅनव्हास:
दंतकथा नाही, आणि म्हणूनच ते इतकं चिकटतं. मी ते प्रागच्या नॅशनल गॅलरीत पाहिलंय. उंची दोन मीटर, रुंदी तीन मीटरच्या वर. एवढं मोठं कापड तेव्हा राजे, लढाया, संत यांच्या वाट्याला यायचं. इथे ते एका अनाम, गरीब बाईला मिळालंय. समोर उभं राहिलं की आपणही त्या घोळक्यातलेच होतो. माझी नजर प्रेतावर फार टिकली नाही, त्या माणसांवरच खिळली. सगळे जरा लांब उभे. जवळ जाऊन बसलेलं कोणी नाही.

आता याच्या शेजारी गॅब्रिएल मॅक्सचं 'ॲनाटॉमिस्ट' (१८६९), म्हणजे शरीररचनेचा अभ्यासक, ठेवून बघा. मॅक्स १८४० साली प्रागमध्ये जन्मला, नाव मात्र म्युनिकमध्ये कमावलं. ते चित्रही तिथल्याच नॉये पिनाकोथेक या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. तिथेही मेलेली तरुणी, पण बघणारा एकटाच. म्हातारा तिच्याजवळ बसलाय, एक हात हनुवटीला, दुसऱ्याने तिच्यावरची चादर किंचित उचललेली. मागे टेबलावर कवट्या. आणि पांढऱ्या चादरीवर एक पतंग, दिव्यावर झेपावतो ना, तो. सहज सुटेल नजरेतून, पण शोधाच. ग्रीक भाषेत 'सायकी' म्हणजे आत्मा, आणि फुलपाखरू, पतंगही. तुम्हाला हवी ती पुराणकथा मॅक्सने एवढ्याशा जागेत बसवलीय. तो दिसल्यावर मला म्हाताऱ्याची ती उचललेली चादर बघवेना.

सांजवात:
थेट अद्भुत हवं असेल तर हानुश श्वायगरचा 'वोदनिक' (१८८६) बघा. वोदनिक म्हणजे चेक लोककथांतला पाण्यातला भूत. बुडालेल्यांचे आत्मे तो झाकणाच्या भांड्यांत कोंडून ठेवतो. मॅक्समिलियन पिर्नरची 'झोपेत चालणारी' (१८७८) पण सोडू नका. छपराच्या कडेवरून बाई चाललीय, बस्स, तेवढंच.

जुना कॅनव्हास:
पिर्नर राहिलाच होता, बरं झालं आठवण केलीत. बेनेश क्न्युप्फरही जोडतो. रोममध्ये राहून आयुष्यभर समुद्र, ट्रायटन (ग्रीक पुराणांतले अर्धे माणूस, अर्धे मासे), जलकन्या रंगवत राहिला आणि १९१० मध्ये एड्रियाटिक समुद्रात जहाजावरून उडी घेऊन त्याने जीव दिला. हे कळल्यापासून त्याच्या लाटा मला नुसत्या लाटा वाटत नाहीत.

रेघोट्या:
पतंग सापडला! मग पुन्हा 'घरातला खून' उघडलं. इतके दिवस मी त्या घोळक्यात खुनी शोधत होते. आज एकेका चेहऱ्यापाशी थांबले, आणि ती बाई यांच्यातल्या कोणाची कोण असेल, याचाच विचार करत बसले.