अँटिऑक्सिडंटला काय म्हणायचं?

शब्दवेडी: शिसं, पारा, कॅडमियम या भारी धातूंमुळे स्त्रीबीजाला होणाऱ्या इजेत क आणि ई जीवनसत्त्वं किती कामी येतात, यावर लेख लिहितेय. मी 'अँटिऑक्सिडंट' लिहिलं, संपादकांनी लाल शाईने 'प्रतिऑक्सिडीकारक' केलं. जीभ अडखळते. दुसरं काही सुचतंय का? (भाषांतरयंत्राने 'फर्टिलिटी'ला 'सुपीकता' दिली होती, ती मीच उडवली. बाई म्हणजे काय शेत आहे?)

जुनाट: संपादक बरोबर आहेत. शाळेत 'ऑक्सिडीकरण' आणि त्याच्या उलटं 'क्षपण' शिकलोच ना?

काना_मात्रा: शिकलो हो, मी वर्षभर 'क्षेपण' म्हणत होतो! आणि 'ऑक्सिडी' कुठलं मराठी? अर्धं सोवळं कशाला? सरळ 'गंजरोधक' म्हणा.

रेणू: गंजरोधक लोखंडाला लावतात. इथे कॅडमियम ग्लुटाथायोन या पेशीच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंटमधल्या गंधकाला चिकटतं, पेशीची शिबंदी घटते आणि मुक्त मूलकं (पेशीला इजा करणारे अस्थिर रेणू) मोकाट सुटतात. ई त्यांना आवरतं, त्यात खर्ची पडलेल्या ईला क पुन्हा उभं करतं. पण धातू आत तो आतच, कॅडमियम तर मूत्रपिंडात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. बरेचसे प्रयोगही उंदरांवरचे. म्हणून शब्द कुठलाही घे, शीर्षकात 'कवच' नको.

जुनाट: 'भारी धातू' ही हिंदी झाली. मराठीत 'जड'. 'जड पाणी' म्हणतोच की. भारी म्हणजे झकास.

काना_मात्रा: जड म्हणजे अचेतनसुद्धा. आणि वंध्यत्वाच्या लेखात 'धातू'? आमच्या काकांनी असंच काहीसं वाचून विचारलं होतं, "आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी जड कोणता, मेद का?"

रेणू: 😄 ईचं रासायनिक नाव टोकोफेरॉल. ग्रीक 'टोकोस' म्हणजे प्रसव, 'फेरेन' म्हणजे वाहून नेणं. 1922 मध्ये इव्हान्स आणि बिशप यांना ते सापडलं तेच मुळी उंदरिणींचे गर्भ टिकेनात म्हणून. 'अँटिऑक्सिडंट' ही ओळख नंतरची.

जुनाट: मग 'गर्भधर' म्हणा! सुंदर शब्द आहे.

रेणू: क्षमा करा, पण त्याने गर्भ राहतो असंच वाचक समजतील.

काना_मात्रा: तोवर 'जीवनसत्त्व' दोन त-चं लिहा, मसुद्यात एकच आहे.

शब्दवेडी: दुरुस्त केलं. उद्या लेख द्यायचाय, सध्या 'अँटिऑक्सिडंट' ठेवते.

जुनाट: अनुस्वार की 'न्टि'?