मदत हवी आहे : सत्तरीच्या आईवडिलांना विमानाने लेहला न्यायचे आहे

नमस्कार. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आईवडिलांना घेऊन पुण्याहून लेहला जाण्याचा विचार आहे. वडील सैन्यात सिग्नल्समध्ये होते आणि १९८४ ते १९८६ अशी दोन वर्षे त्यांनी लेहमध्ये काढली. त्या काळात आई सांगलीत आम्हा भावंडांना सांभाळत होती. जे गाव तिने केवळ त्यांच्या पत्रांतून वाचले, ते एकदा डोळ्यांनी पाहावे अशी तिची फार इच्छा आहे. वडील आता ७२ वर्षांचे आहेत आणि आई ६८ वर्षांची, त्यामुळे हा बेत आणखी पुढे ढकलणे मला योग्य वाटत नाही.

वडिलांचा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. आईच्या कंबरेच्या मणक्यांची झीज झाली असून तीन-चार तासांपेक्षा अधिक वेळ तिला गाडीत बसवत नाही. याच कारणामुळे श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करत रस्त्याने वर जाण्याचा मार्ग मी बाजूला ठेवला. शरीर हळूहळू सरावावे यासाठी तो मार्ग चांगला मानला जातो हे मला ठाऊक आहे. परंतु सव्वाचारशे किलोमीटरचा तो घाटरस्ता तिला झेपणार नाही.

राहता राहिले विमान. लेहची विमाने बहुतांशी सकाळीच असतात, कारण दुपारी खोऱ्यात वारे सुटतात आणि ऊन तापले की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होऊन विमानाला पुरेसा भार उचलता येत नाही. म्हणून पुण्याहून रात्री निघून दिल्लीत पहाटे विमान बदलणे किंवा आदल्या दिवशी दुपारीच दिल्ली गाठून तिथे मुक्काम करणे, असे दोन पर्याय उरतात. पहिल्यात खर्च वाचतो. मात्र रात्रभर जागलेल्या शरीराने ३,२५० मीटर उंचीवर उतरणे मला धोक्याचे वाटते. माझा कल दुसऱ्याकडे आहे. तो योग्य आहे का?

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. "मी तिथे दोन हिवाळे काढले आहेत, मला काही होत नाही," असे वडील ठामपणे सांगतात आणि पोहोचल्या दिवशीच जुन्या छावणीच्या बाजूला फिरून येण्याचे त्यांच्या मनात आहे. पूर्वी तिथे राहिल्याचा शरीराला आज काही उपयोग होतो का? शिवाय उंचीच्या त्रासासाठी सहसा ॲसिटाझोलामाइडची गोळी देतात, परंतु आईला सल्फाची ॲलर्जी आहे. अशा ज्येष्ठांना घेऊन कोणी गेले असल्यास पहिले तीन दिवस कसे आखले, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. माझ्या सासूबाई ७० वर्षांच्या असताना आम्ही त्यांना नेले होते, त्या अनुभवावरून लिहिते आहे.

दिल्लीतला मुक्काम अवश्य करा, आणि परतीच्या वेळीही दिल्लीत एक दिवस मोकळा ठेवा. हवा बिघडून लेहचे सकाळचे विमान रद्द झाले, तर बरेचदा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते. अशा वेळी पुण्याचे तिकीट वेगळे काढलेले असेल तर ते वाया जाते. संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते.

वडिलांच्या बाबतीत स्पष्टच सांगते : विरळ हवेचा सराव काही आठवड्यांतच उतरतो, चाळीस वर्षे तर फारच दूर राहिली. त्यांना त्यांच्याच सैन्याचा नियम आठवून द्या. वर जाणाऱ्या जवानाला पहिल्या टप्प्यात सहा दिवस सरावाला ठेवतात, त्यांपैकी पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांतीचे असतात, आणि लांब सुट्टीवरून परतलेल्यालाही पुन्हा सरावातून जावे लागते. मुलीचा किंवा मुलाचा सल्ला त्यांना पटणार नाही कदाचित, पण ही शिस्त पटेल.

आम्ही विमानतळावरून लेहमध्ये न थांबता गाडीने थेट आल्चीला गेलो. ते गाव सिंधूच्या काठाने सुमारे ६५ किलोमीटर खाली, लेहपेक्षा थोडे कमी उंचीवर आहे, आणि तिथल्या प्राचीन विहारातली भित्तिचित्रे फारसे चढउतार न करता पाहता येतात. दोन रात्री तिथे काढून मग लेहला आलो. मोठे रुग्णालय मात्र लेहमध्येच आहे, त्यामुळे गाडी आणि चालक मुक्कामी ठेवावा. खार्दुंग ला ही लेहहून बरीच उंच असलेली खिंड आणि तितकाच उंचावरचा पँगाँग सरोवराकाठचा मुक्काम आम्ही गाळला. तुम्हीही गाळावा असे मला वाटते.

सल्फाच्या ॲलर्जीबद्दल इथे कोणाचेही ऐकू नका, ती गोळी द्यावी की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. पल्स ऑक्सिमीटर जवळ ठेवा, पण विश्रांती घेऊनही धाप थांबत नसेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ जाणवत असेल, तर आकड्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. एक किरकोळ गोष्ट : आपल्याकडची प्रीपेड सिमकार्डे तिथे चालत नाहीत, निदान एक पोस्टपेड सोबत असू द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार, ताई. सहा दिवसांचा नियम वडिलांना विचारला. थोडा वेळ गप्प राहिले आणि मग पहिल्या आठवड्यात त्यांच्या हवालदाराने त्यांना साधे पाणी भरायलाही उठू दिले नव्हते, ही आठवण त्यांनी स्वतःच सांगितली. आल्चीचा बेत त्यांनी मान्य केला आहे. डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतली असून तिकिटे त्यानंतरच काढेन. तिथे कंबरेला मानवेल असे, तळमजल्यावर खोली देणारे एखादे घरगुती निवासस्थान आपल्या पाहण्यात आहे का?